झाकणाला दोरा बांधलेला डबा

वाचकाचं पत्र

आदरणीय ताई,
मी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहते, वय 42. गेल्या दिवाळीपासून आमच्या घराला कुणाची दृष्ट लागलीय कळत नाही. आधी सासूबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यातून सावरतोय तोवर ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं. हे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डर आहेत. आहेत म्हणायचं की होते म्हणायचं, तेच समजत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस असतं. चैत्रात माझे वडील गेले. दहाव्याला मी गेले, पण तेराव्याला थांबता आलं नाही, कारण त्या दिवशी ह्यांचा डायलिसिसचा नंबर होता. मुलगी बारावीला आहे. दीर म्हणतात, पोरीचं शिक्षण आता पुरे, चांगलं स्थळ आलं तर उरकून टाकू.

जो येतो तो म्हणतो, देवाचे आभार मान, याहून वाईट झालं असतं. नणंद रोज सकाळी मोबाइलवर सुविचार पाठवते. तिच्या सांगण्यावरून मी एक वही केली, रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. चौथ्या दिवशी ती पानं फाडून टाकली. शेजारच्या काकू दर मंगळवार-शुक्रवारी डबा देतात. ह्यांची अळणी भाजी वेगळी असते, ओळखू यावी म्हणून त्या झाकणाला पांढरा दोरा बांधतात. तो डबा घेताना मला आनंद होत नाही, मान खाली जाते. परवा त्यांचा आवाज आला आणि मी दार उघडायला मुद्दाम वेळ लावला. मी कृतघ्न झालेय का? रात्री पाठ टेकली की वाटतं, सकाळ होऊच नये. सकाळी उठले की आधी ह्यांच्या हातावर बोटं ठेवून नर्सनं शिकवलेली थरथर आहे का बघते, मग चहा ठेवते. काय चुकतंय माझं?
एक वाचक


प्रिय ताई,

तुमच्या प्रश्नाकडं मी नंतर येते. 'रात्री पाठ टेकली की वाटतं, सकाळ होऊच नये,' हे तुमचं वाक्य आधी घेते, कारण ते तुम्ही दूध उतू गेल्याचं सांगावं तसं सांगून पुढं गेलात. आपण कोल्हापूरची माणसं. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फुटांवर आलं, हे आपल्याकडं शाळकरी पोरंसुद्धा सांगतात. 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. 39 झाले म्हणजे घर बुडालं असं होत नाही, पण नदीकाठची माणसं तेव्हाच सामान माळ्यावर चढवायला लागतात, 43 ची वाट बघत बसत नाहीत. तुमचं ते वाक्य 39 चं आहे. इतकं थकलेल्या बाईला असं वाटणं हा काही गुन्हा नाही आणि वेडेपणाही नाही. पण रोज वाटत असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं. तुम्ही आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जाताच, तिथल्याच डॉक्टरांना सांगा, 'माझ्या मनाचं असं झालंय, कुणाला दाखवू?' सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. फोनवर बोलणं सोपं वाटत असेल तर 14416 हा टेली-मानसचा नंबर आहे, केंद्र सरकारची सेवा, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आणि हे वाटणं कधी 'काहीतरी करून घ्यावं' इथवर गेलं, तर त्या घडीला एकट्या बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी शेजारच्या काकूंचं दार वाजवा.

आता 'याहून वाईट झालं असतं' याबद्दल. हे वाक्य बोलणारी माणसं वाईट नसतात. समोरचं दुःख बघवत नाही, काय बोलावं सुचत नाही, म्हणून हातात येईल ते पांघरूण टाकतात. पण ते पांघरूण ज्याच्यावर पडतं त्याचा जीव गुदमरतो. पाणी 45 फुटांवर असताना गंगावेशीत उभं राहून कुणी म्हणत नाही, '55 नाही ना, मग आनंद माना.' 45 म्हणजे 45. तुमच्या घरात आज जे पाणी आहे ते जेवढं आहे तेवढंच मोजायचं. नवऱ्याच्या किडन्या गेल्या. वडील गेले आणि त्यांच्या तेराव्याला तुम्ही नव्हता. यातलं एकही बरं झालं असं तुम्हाला म्हणायचं नाही, देवापुढंही नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. 2019 च्या मे महिन्यात माझे यजमान गेले आणि ऑगस्टमध्ये पूर आला. तो पूर तुम्हीही पाहिलाय. पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, हायवे कित्येक दिवस बंद, गावाला दूध नाही, पेट्रोल नाही आणि चहूकडं पाणी असताना प्यायला पाणी नाही. आमच्या घरात पाणी देवळीच्या वर चढलं होतं. आम्ही शाळेच्या वर्गात राहत होतो. तिथं एक बाई प्रेमानं माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, 'जीव वाचला, देवाचे आभार माना.' मी तोंड फिरवलं. तीन महिन्यांपूर्वी ज्या घरातून माणूस गेला होता, त्याच घरात आता त्याच्या वह्या भिजत होत्या. ह्यांना हिशेब लिहायची सवय. दूध, किराणा, लाइटबिल, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात. मला फक्त त्या वह्या हव्या होत्या. आठव्या दिवशी घरात शिरले तेव्हा त्या वह्यांचा लगदा झाला होता, उचलायला गेलं की बोटांतून गळत होता.

त्याच दिवशी दुपारी गडहिंग्लजकडनं एका टेम्पोतून काही बायका आल्या. कोण, कुठल्या, मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पदर खोचला आणि कामाला लागल्या. त्यातली एक माझ्या वयाची. तिनं अंगणात बसून माझी भांडी पुढं ओढली. त्यात आमच्या लग्नातली पितळी परात होती, काठावर ह्यांचं नाव कोरलेलं. परात घासून झाली तरी अक्षरांत चिखल बसलेलाच. तिनं काडेपेटीतली एक काडी घेतली आणि एकेक अक्षर कोरून काढायला लागली. वर वेलांटी होती, ती काढताना तिनं परात डोळ्यांजवळ नेली. सगळं नाव साफ झाल्यावर तिनं ते मोठ्यानं वाचलं आणि मला विचारलं, 'मालक व्हय?' मी मान हलवली. ती काही बोलली नाही. पदरानं परात पुसली आणि भिंतीला टेकवून नाव वर येईल अशी उन्हात उभी केली.

माझ्या वह्या गेल्या त्या गेल्याच. पूर वाईटच होता, आजही मी त्याला दुसरं काही म्हणणार नाही. पण त्या बाईनं काडीनं नाव कोरून काढलं, हेही तितकंच खरं. एकामुळं दुसरं पुसलं जात नाही. हे मला कळायला पुष्कळ दिवस गेले, आणि तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडं जे आहे ते एवढंच आहे.

तुम्ही विचारलंत, मी कृतघ्न झालेय का. आपल्या भाषेतला शब्दच बघा ना. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. कुणीतरी आपल्यासाठी जे केलं ते ज्याला ठाऊक आहे तो कृतज्ञ. त्या शब्दात आनंदानं भरून येणं कुठं आलंय? हसतमुख राहणं, सगळं गोड मानणं, सकाळी उठून सुविचार वाचणं, यातलं काही त्यात नाही. नुसतं जाणणं आहे. आणि कृतघ्न कोण? केलेलं जो मारून टाकतो, नाहीच म्हणतो तो. तुम्ही एवढ्याशा पत्रात, इतकी संकटं सांगायची असताना, काकूंच्या डब्याच्या झाकणाला बांधलेल्या दोऱ्याचा रंगसुद्धा लिहिलाय. पांढरा. कृतघ्न बाईला दोऱ्याचा रंग लक्षात राहत नाही.

त्या डब्यापाशी मला जरा थांबायचंय. डायलिसिसच्या माणसाचं पथ्य किती किचकट असतं, तुम्ही रोज करता म्हणून तुम्हाला त्याची सवय झाली असेल. मीठ कमी, पाणी मोजून, केळं नको, शहाळं नको, भाजी चिरून भिजत घालायची, उकळून पाणी काढून टाकायचं. आणि कोल्हापूरच्या घरात, जिथं चटणी-मिठाचा अंदाज हाताला बसलेला असतो, तिथं अळणी भाजी करणं म्हणजे हाताला दरवेळी आवरणं. काकूंच्या घरात कुणाला किडनीचा आजार नाही. तरी त्या बाईनं आठवड्यातले तुमचे दोन वार पाठ केले, ह्यांना काय चालतं ते शिकून घेतलं, दुसरं पातेलं चढवलं आणि दोन डबे उलटसुलट होऊ नयेत म्हणून शिवणाच्या डब्यातला दोरा काढला. तुमचा आजार त्यांनी स्वतःच्या चुलीपर्यंत नेला. तुमची मान खाली जाते ती याच्याच वजनानं जात असणार.

ते वजन मी समजू शकते. 'आभार' या शब्दातही भार आहेच. घेणाऱ्याला वाटतं, हे फेडायचं कसं? दुसऱ्याची वाटी रिकामी परत करू नये असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालून द्यायची. आणि तुम्ही कित्येक आठवडे डबा नुसता घासून देताय, म्हणून परवा दार उघडायला पाय उचलला नाही. यात काकूंबद्दल वाईट भावना कुठं दिसत नाही मला. देणेकरी माणूस सावकाराची सावली चुकवतो, तसं झालंय. पण काकू सावकार नाहीत.

तुमचं माहेर कुठलं ते तुम्ही लिहिलं नाही, पण भाताच्या पट्ट्यातलं असेल तर 'पैरा' तुम्हाला सांगायला नको. रोप लावणीच्या दिवसांत एकेका घराच्या शेतात सगळ्यांनी मिळून राबायचं. आज तुमच्यात दहा माणसं आली म्हणून संध्याकाळी दहा जणांच्या हातावर मजुरी ठेवायची नसते. ज्याच्या शेताची पाळी येईल त्याच्यात तुम्ही जायचं. कधी चार दिवसांनी, कधी पुढच्या सालात. घरात बाळंतपण असेल, दुखणं असेल तर त्या साली पैरा फेडला नाही म्हणून कुणी बांधावर उभं राहून भांडत नाही. त्यावर्षी ते घर घेणाऱ्याच्या बाजूला असतं, एवढंच. तुमचं घर सध्या घेणाऱ्याच्या बाजूला आहे.

माझंही तसंच होतं. त्या काडीवाल्या बाईला मी परत कधी भेटले नाही, नाव-गाव माहीत नाही, तिचं फेडणार कसं? 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं. मी तीन दिवस भाकरी थापल्या आणि शाळेत पोचवल्या. भाकरी थापताना मला कृतज्ञ वगैरे काही वाटत नव्हतं, पाठ दुखत होती. पण हात चालले होते.

तर काकूंना तुम्ही उत्तम शब्दांत काही म्हणायची गरज नाही. येत्या शुक्रवारी डबा परत करताना त्यात चिमूटभर साखर घाला. आणि एक वाक्य बोला, तेही आभाराचं नाही, नुसतं माहितीचं: 'काकू, ह्यांनी आज भाजी सगळी खाल्ली.' करणाऱ्याला हेच ऐकायचं असतं. त्या बहुतेक म्हणतील, 'असू दे गं, मी करतो की.' आपल्याकडच्या बायका असं 'करतो' म्हणतात तेव्हा त्यात काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. रडू आलं तर दारातच येऊ दे.

आता त्या वहीबद्दल. फाडलीत ते बरं केलंत, कारण ती वही तुमची नव्हतीच, नणंदेच्या समाधानासाठी होती. पण वहीची कल्पना अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका भागात स्नायू आणि मज्जातंतूंचे दीर्घ आजार असलेली माणसं होती. 21 दिवस त्यांनी आभार वाटावेत अशा गोष्टी रोज लिहिल्या. ज्यांनी लिहिलं त्यांचं मन इतरांपेक्षा हलकं राहिलं आणि झोपही सुधारली. आजार होता तिथंच होता. दुसरीकडं सोन्या ल्युबोमिर्स्की या संशोधक बाईंना असं दिसलं की आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. मला हे पटतं. रोज रोज मागितलं की मन खोटं लिहायला लागतं. तुमच्या फाडलेल्या पानांवर काय होतं मला माहीत नाही, पण 'सूर्य उगवला', 'आम्ही सगळे एकत्र आहोत' असलं काही असेल तर ते फाडण्याच्याच लायकीचं होतं.

तुम्हाला अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आठवतो का? नोव्हेंबरात 9, 10, 11 तारखेला आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडपातून सरकत पितळी उंबऱ्यावर येतात, तिथून गाभाऱ्यात, मग अंबाबाईच्या चरणांवर. ठरल्याप्रमाणं पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख. पण दरवर्षी तसं होतंच असं नाही. कधी ढग येतात, कधी हवेत धूळ असते, आणि किरणं गुडघ्यापर्यंत येऊन विरतात. दुसऱ्या दिवशी पेपरात कसं येतं? 'किरणे कमरेपर्यंत पोहोचली.' कमरेपर्यंत आली तर कमरेपर्यंत लिहितात. मुखापर्यंत आली असं कुणी रेटून सांगत नाही आणि आलीच नाहीत असंही कुणी म्हणत नाही. गर्दीतली बाई तेवढ्यालाच हात जोडते.

तुमची वही अशी करा. रोज नको, रविवारी रात्री एकदा. दोनच ओळी. पहिली, या आठवड्यात पाणी किती चढलं होतं: 'शुक्रवारी सुई लावताना ह्यांना फार त्रास झाला. मी बाहेर येऊन रडले.' दुसरी, किरणं कुठवर आली: 'मंगळवारी सासूबाई वॉकर घेऊन स्वतः मोरीपर्यंत गेल्या.' दोन्ही ओळी लिहायच्या, एक लिहून दुसरी गाळायची नाही. दुसऱ्या ओळीत शक्यतो माणसाचं नाव येऊ दे, कारण माणसाला नंतर सांगता येतं. एखाद्या आठवड्यात किरणं उंबऱ्याच्या आत आलीच नाहीत, तर तसं लिहा आणि झोपा.

एक नोंद मात्र तुम्ही आत्ताच रोज करताय, फक्त वहीत नाही. सकाळी उठून चहाच्या आधी ह्यांच्या हातावर बोटं ठेवता. तो फिश्च्युला, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडलेली रक्तवाहिनी, आणि तिची ती थरथर. झोपलेल्या मांजराच्या पाठीवर हात ठेवल्यावर लागते तशी घरघर बोटांना लागते, म्हणजे रक्त वाहतंय, पुढच्या डायलिसिसची वाट खुली आहे. लागली नाही तर ताबडतोब दवाखान्यात कळवायचं, हे नर्सनं सांगितलंच असेल. रात्री ज्या बाईला सकाळ नको असते, तीच सकाळी पहिला हात नवऱ्याच्या मनगटावर ठेवते. मला तुमचं पत्र वाचताना सगळ्यात जास्त या ओळीनं थांबवलं. त्याला मी काही नाव देत नाही. ती दोन मिनिटं घाईत उरकू नका, एवढंच सांगते. थरथर लागली की बोटं आणखी थोडा वेळ तिथंच असू देत.

पैशाचं थोडक्यात बोलते, कारण ज्याच्या घरात औषधाला पैसा नाही त्याला मनाच्या गोष्टी सांगणं मला बरोबर वाटत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि त्यात डायलिसिस येतं. तुमच्या दवाखान्यात योजना लागू असेल तर तिथं आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना गाठा. ह्यांचा ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात होता का, हे पगाराच्या पावतीवर बघा. कापला जात असेल तर किडनीचा दीर्घ आजार त्यांच्या वाढीव आजारपणाच्या लाभाच्या यादीत आहे. अटी बसल्या तर पगाराच्या 80 टक्के दरानं, दोन वर्षांपर्यंत पैसे मिळू शकतात. कंपनीला राजीनामा देऊ नका, कुणी 'देऊन टाका' म्हटलं तरी. आधी ईएसआयच्या कचेरीत विचारा. हक्काचं मागताना मान खाली घालायचं काहीच कारण नाही, तो वर्षानुवर्षं ह्यांच्याच पगारातून गेलेला पैसा आहे.

आणि मुलगी. इथं मी सल्ला देत नाही, हात जोडून सांगते, तिचं शिक्षण थांबवू नका. ज्या गावात आपण राहतो त्या गावाच्या राजाच्या घरात 1918 साली काय झालं होतं ते दिरांना सांगा. राजर्षी शाहू महाराजांचा धाकटा मुलगा, राजपुत्र शिवाजी, शिकारीत अपघातानं गेला. त्याच्यामागं सून राहिली, इंदुमतीदेवी, अजून बारा वर्षांचीही पुरी नव्हती. तो काळ, ते घराणं, घरातला विरोध, सगळं असताना महाराजांनी तिला सोनतळीला ठेवून शिकवलं. पुढं ती मॅट्रिक झाली. मुलाचं दुःख महाराजांना कमी झालं असेल असं मला वाटत नाही. पण घरात माणूस गेलं, आजार आला, म्हणून पोरीची पाटी पुसायची नसते, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी या कोल्हापुरात दाखवून दिलं. आज तर 2024 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. बारावीनंतर काय करायचंय ते तिला विचारा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, ऐन प्रवेशाच्या वेळी तहसीलला रांग असते. दिरांशी तुम्ही एकट्यानं भांडू नका. ह्यांना बोलू द्या. हात सुईखाली असला तरी ते त्या पोरीचे बाप आहेत, आणि आजारी माणसाला घरात अजून आपला शब्द चालतो हे कळणंही औषधासारखं लागतं.

शेवटचं, तुमच्या वडिलांचं. सगळ्या पत्रात त्यांच्या वाट्याला दोन ओळी आल्यात आणि त्यातही डायलिसिसचा नंबर आहे. त्यांच्यासाठी रडायला तुम्हाला अजून वेळ मिळालेला नाही. बुधवारी किंवा गुरुवारी, ज्या दिवशी दवाखाना नसतो, एक दिवस माहेरी जा. मुलगी आणि काकू मिळून घर बघतील, तुम्ही विचारलंत तर काकू नाही म्हणणार नाहीत आणि विचारल्याचं त्यांना बरंच वाटेल. आईजवळ बसा. तेराव्याला कोण कोण आलं होतं, कुणी काय काय आठवणी काढल्या, ते तिला सांगायला लावा. वडिलांचं एखादं वापरातलं काही, टोपी, पानाची डबी, जे असेल ते मागून आणा आणि रोज दिसेल असं ठेवा.

जाऊन आलात की मला दोन ओळी टाका. साखरेचं काय झालं तेही लिहा, आणि मुलीनं कशाला जायचं म्हटलं, ते आवर्जून कळवा.

तुमची,
ताई